डॉर्सेटच्या किनाऱ्यावर सहकुटुंब ग्लॅम्पिंग: माहिती आणि शंका

सागरगोटा

मे महिन्याच्या हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या सत्रामधल्या सुट्टीत, आम्ही दक्षिण इंग्लंडातल्या डॉर्सेटच्या किनाऱ्याच्या पश्चिम भागात, चारमथ गावाजवळच्या एका शेतावर ग्लॅम्पिंगला जाऊन आलो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि पुण्याहून उन्हाळ्यापुरते आलेले सासू-सासरे. आईवडील इंग्लंडात आले की लंडन, बाथ, लेक डिस्ट्रिक्ट दाखवून होतं, समुद्र मात्र राहून जातो. म्हणून हा धागा काढते आहे. ज्यांना यातलं माहीत आहे त्यांनी भर घाला, ज्यांना जायचं आहे त्यांनी मोकळेपणाने विचारा.

ग्लॅम्पिंगमध्ये तंबू आपण न्यायचा नाही आणि ठोकायचाही नाही. जाड कॅनव्हासचा गोल बेल टेंट, यर्ट, म्हणजे लाकडी सांगाड्याचा गोल तंबू, लाकडी पॉड किंवा चाकांवरची मेंढपाळाची खोली, म्हणजे शेफर्ड्स हट, यांपैकी काहीतरी आधीच उभं असतं. आत पलंग, गाद्या आणि बहुतेक ठिकाणी लाकडावर चालणारी छोटी शेगडी असते. सासू-सासऱ्यांसाठी आम्ही शेफर्ड्स हट घेतली, कारण तिला पक्क्या भिंती असतात, पलंग उंच असतो आणि आमच्या हटला आतच स्वच्छतागृह होतं. आम्ही चौघं शेजारच्या बेल टेंटमध्ये. तीन पिढ्या असतील तर अशी जोडी घ्यावी, असं मी मनापासून सांगेन. मुलांना तंबूची मजा मिळते आणि मोठ्यांची झोप मोडत नाही.

जागा निवडताना माझं एक ठाम मत आहे. फोटोंतल्या दिव्यांच्या माळा आणि हॉट टब बाजूला ठेवा आणि तिथून समुद्रापर्यंत चालत किती वेळ लागतो ते विचारा. डॉर्सेटमध्ये मोटरवे एकही नाही. किनाऱ्याकडे जाणारे रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना उंच झुडपांची कुंपणं, समोरून ट्रॅक्टर आला की मागे घ्यायचं. सुट्टीच्या दिवसांत किनाऱ्यावरची पार्किंगं सकाळीच भरतात. आणि समुद्र तुमच्या सोयीने मागे जात नाही. ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. आम्ही होतो तेव्हा ओहोटी सकाळी लवकर होती. मुलं उठली, अंगावर जाकीट चढवलं आणि शेताच्या पायवाटेने सरळ किनाऱ्यावर. गाडी काढायची असती तर आम्ही नक्कीच कंटाळा केला असता.

चारमथचा किनारा दिसायला काळसर, दगडगोट्यांचा आहे. पोस्टकार्डावरची पिवळी वाळू डोळ्यासमोर असेल तर पहिल्या नजरेत मन खट्टू होईल. पण इथल्या गोट्यांमध्ये अमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या कवचाच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म सापडतात. नाण्याएवढे, सोनेरी झाक असलेले, वळसे स्पष्ट दिसणारे. शिवाय बेलेम्नाइट, म्हणजे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे जीवाश्म, ते तर मुलांच्या मुठी भरतील इतके. हातोडी लागत नाही. ओणवं होऊन, लाट नुकतीच मागे गेलेल्या ओल्या गोट्यांत शांतपणे बघत राहायचं. किनाऱ्यालगत जुन्या सिमेंट कारखान्याच्या इमारतीत चारमथ हेरिटेज कोस्ट सेंटर आहे. प्रवेश मोफत. आधी तिथे जा. काय शोधायचं ते तिथली माणसं खरे नमुने हातात देऊन दाखवतात. त्यांच्यासोबत जायची सशुल्क जीवाश्म-फेरीही असते, तिचं बुकिंग आधी करावं लागतं.

धाकटीला सापडलेला पहिला अमोनाइट सासूबाईंनी तळहातावर घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर आपल्या देवघरातला शाळिग्राम." त्यांनी तो पाण्याने धुऊन रुमालात बांधून ठेवला. यावर इथल्या कुणा जाणकारांनी लिहावं अशी फार इच्छा आहे.

लाइम रीजिस, सीटाउन आणि गोल्डन कॅपबद्दल विचारलंत तर लिहीन. गोल्डन कॅप हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा सर्वांत उंच कडा, १९१ मीटर. सासरे सिंहगड नेमाने चढणारे, ते आणि थोरली वर जाऊन आले.

खारेदाणे

छान लिहिलंय. एक सरळ प्रश्न. हाफ टर्मला बेल टेंटचे जे पैसे मागतात त्यात चार भिंतींचं, स्वयंपाकघराचं, गरम पाण्याचं कॉटेज येत नाही का? पाऊस लागला तर तंबूत लहान मुलांना घेऊन करायचं काय?

सागरगोटा

खारेदाणे, शंका रास्त आहे. शाळेच्या सुट्टीत चांगल्या जागी एका रात्रीचं भाडं शंभर पौंडांच्या वर सहज जातं, ऑगस्टात त्याहून बरंच पुढे. त्या पैशात आतल्या भागात कॉटेज मिळू शकतं. पण किनाऱ्याला लागून असलेली कॉटेजं सुट्टीत बहुधा आख्ख्या आठवड्यासाठीच देतात, शनिवार ते शनिवार. थोडक्या दिवसांसाठी आणि समुद्राजवळ असं दोन्ही हवं असेल तर ग्लॅम्पिंग परवडतं.

सुट्टी चुकवून स्वस्तात जाऊ, असा विचार शाळकरी मुलांच्या पालकांनी करू नये. ऑगस्ट २०२४ पासून इंग्लंडात विनापरवानगी गैरहजेरीचा दंड प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला १६० पौंड झाला आहे, २१ दिवसांत भरला तर ८०. दोन मुलं, दोन पालक, हिशोब तुम्हीच करा. शिवाय मुलांच्या मनावर शाळेबद्दल काय ठसतं, हा पैशांपेक्षा मोठा मुद्दा मला वाटतो.

पावसाबद्दल: एक दुपार जोराचा पाऊस झाला. कॅनव्हासवर पडणारा पाऊस ऐकत सगळे हटमध्ये दाटीवाटीने पत्ते खेळलो. मुलांना विचाराल तर तीच दुपार आधी सांगतील.

गोधडी

आम्ही बरीच वर्षं तंबूत राहतो आहोत, म्हणून रात्रीबद्दल लिहितो. भारतातून आलेल्या ज्येष्ठांना हाच विषय जड जातो.

मेअखेर दिवसा हवा कितीही छान असली तरी किनाऱ्यावर पहाटे तापमान एक आकडी होतं. थंडी वरून कमी आणि गादीखालून जास्त लागते. पलंग असला तरी गादीवर लोकरीची घोंगडी किंवा जाड रजई अंथरा आणि मग पांघरुणाचा विचार करा. झोपताना दिवसभराचे कपडे पूर्ण बदला, मोजेसुद्धा, कारण अंगावरचा ओलावा रात्री गारठतो. कानटोपी घाला. गरम पाण्याची रबरी पिशवी झोपण्याआधी अर्धा तास पांघरुणात सरकवून ठेवा. साइटवाले शेगडीसाठी जाळीच्या पिशवीत लाकडं देतात, ती कोरडी आहेत ना ते बघून घ्या. ओल्या लाकडाने नुसता धूर होतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. बार्बेक्यू, निखाऱ्यांचं भांडं, कोळशाची शेगडी कधीही तंबूच्या आत आणू नका. विझल्यासारखी दिसली तरी आणू नका, पावसात भिजेल म्हणूनही आणू नका. धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. ब्रिटनमध्ये यामुळे तंबूंत माणसं गेलेली आहेत. धुराडं असलेली जी शेगडी तंबूतच बसवलेली असते ती वेगळी, पण तिथेही भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. पोचल्यावर बॅगा उतरवायच्या आधी तो अलार्म कुठे आहे ते बघा, बटण दाबून वाजतो का बघा. नसेल तर मालकाकडे मागा. आम्ही स्वतःचा सोबत नेतो.

आणि मे-जूनमध्ये उजेड पहाटे पाचच्याही आधी आत येतो, पक्षी तर चारलाच सुरू. डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या न्या.

मेतकूट

गोधडींचा प्रतिसाद प्रत्येकाने छापून गाडीत ठेवावा.

मी स्वयंपाकाचं लिहिते. अशा जागांवर बहुतेक एक सामायिक ओटा, दोन शेगड्यांचा गॅस आणि बाहेर शेकोटी असते. हल्ली इथल्या कितीतरी साइटवर शेकोटीसाठी आपल्याकडची मोठी लोखंडी कढईच ठेवलेली असते, तिवईवर. आमचा नेम असा आहे: रात्रीचं एक जेवण गरम आणि आपलं, बाकी सगळं कोरडं किंवा विकतचं. छोटा तीन लिटरचा कुकर सोबत. त्यात मुगाची खिचडी, वरून घरून कढवून आणलेलं तूप, भाजलेला पापड आणि लोणचं. समुद्रावरून गारठून आलेल्या माणसाला याहून काही नको असतं. दुसऱ्या दिवशी पिठलं-भात. कांदा, मिरची, लसूण घरीच चिरून डब्यात घालून आणते, कारण बाहेर वाऱ्यात चिरत बसणं नकोसं होतं. सकाळसाठी भाजणी नेली तर थालीपीठं होतात, पण त्याला बिडाचा तवा आणि धीर दोन्ही लागतं. मुलांसाठी मेतकूट-भात आहेच.

फोडणी शक्यतो तंबूपासून लांब करा. धोका तर आहेच, शिवाय कॅनव्हासला हिंग-लसणाचा वास बसला की पुढच्या कुटुंबाच्या वाट्याला जातो.

शाकाहारी मंडळींसाठी: किनाऱ्यावर चिप्स सगळीकडे मिळतात, पण घ्यायच्या आधी कशात तळता ते विचारा. काही दुकानं अजूनही गाईच्या चरबीत तळतात. उत्तरेकडे हे जास्त, दक्षिणेत बहुधा वनस्पती तेल असतं, तरी विचारणं आपलं काम. विचारलं की लोक नीट सांगतात. आणि डॉर्सेट अ‍ॅपल केक जरूर खा. सफरचंदाच्या फोडी घातलेला साधा, ओलसर केक, वर घट्ट साय. आजीआजोबांना तो हमखास आवडतो, पण त्यात अंडं असतं हे त्यांना आधी सांगा.

चिप्स उघड्यावर खाताना सीगलकडे पाठ करू नका. लहान मुलांच्या हातातून सरळ उचलतात, बोटालाही लागतं.

काळाकातळ

सागरगोटा, तुमच्या सासूबाईंची नजर अचूक आहे. शाळिग्राम म्हणजे अमोनाइटच. नेपाळात काली गंडकीच्या पात्रात जे काळे गोटे मिळतात ते हिमालयातल्या ज्युरासिक काळाच्या उत्तरार्धातल्या काळ्या शेल खडकातले आहेत. तिथे तेव्हा टेथिस नावाचा समुद्र होता. पुढे भारताचा भूखंड उत्तरेला जाऊन आदळला, समुद्राचा तळ उचलला गेला आणि ते प्राणी हिमालयात पोचले. गोट्यावर आपण ज्याला विष्णूचं चक्र मानतो तो त्या प्राण्याच्या कवचाचा वळसा. चारमथचे अमोनाइट ज्युरासिकच्या सुरुवातीचे, साधारण १९ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे शाळिग्रामांहून बरेच जुने. इंग्लंडच्याच ईशान्य किनाऱ्यावर व्हिटबीला लोक या वळशांना दगड झालेले साप मानत. संत हिल्डाने सापांचे दगड केले, अशी तिथली आख्यायिका आहे. एक प्राणी, आणि तीन ठिकाणी माणसांनी त्याला आपापल्या परीने जपलं. मला हे फार मोलाचं वाटतं. रुमालात बांधून ठेवणाऱ्या आजींना माझा नमस्कार सांगा.

या किनाऱ्याची थोडी ओळख करून देतो. डेव्हनमधल्या एक्समथपासून डॉर्सेटच्या स्टडलँडजवळच्या ओल्ड हॅरी रॉक्सपर्यंतचा सुमारे १५४ किलोमीटरचा पट्टा म्हणजे ज्युरासिक कोस्ट. २००१ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. थर एका बाजूला कललेले असल्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना ढोबळ मानाने जुन्या खडकांकडून नव्या खडकांकडे जातो आपण. सर्वांत जुन्या ट्रायासिक काळाचे लाल कडे, मग ज्युरासिकचे करडे-काळे, शेवटी त्यानंतरच्या क्रिटेशस काळाचा पांढरा खडू. साडेअठरा कोटी वर्षांचा हिशोब एका किनाऱ्यावर उलगडतो. आपला दख्खनचा काळा कातळ साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. म्हणजे ओल्ड हॅरीचा पांढराशुभ्र खडूसुद्धा सह्याद्रीहून वयाने मोठा आहे. गोल्डन कॅप चढलेल्या तुमच्या सासऱ्यांना हे जरूर सांगा.

चारमथपर्यंत जाऊन लाइम रीजिस चुकवू नये. जीवाश्म शोधणारी मेरी अ‍ॅनिंग तिथली. जन्म १७९९, मृत्यू १८४७. वडील सुतार, ते १८१० साली गेले आणि घरावर कर्ज. आई आणि मुलं किनाऱ्यावरचे जीवाश्म विकून घर चालवत. भाऊ जोसेफला १८११ मध्ये एक कवटी दिसली आणि पुढच्या वर्षी मेरीने उरलेला सांगाडा शोधला. इक्थिओसॉर, म्हणजे माशासारखा दिसणारा समुद्री सरीसृप. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. १८२३ मध्ये तिने प्लेसिओसॉर या लांब मानेच्या समुद्री सरीसृपाचा पूर्ण सांगाडा काढला. तिच्या शोधांवर विद्वानांनी निबंध वाचले, पण लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत स्त्रियांना १९१९ पर्यंत सभासदच होता येत नव्हतं. १८३३ मध्ये दरड कोसळून तिचा कुत्रा ट्रे तिच्या डोळ्यांदेखत गेला. २०२२ च्या मे महिन्यात लाइममध्ये तिचा पुतळा उभा राहिला, सोबत ट्रेही आहे. ती मोहीम एका शाळकरी मुलीने सुरू केली होती. मुलींना घेऊन जाणाऱ्या प्रत्येक घराने त्या पुतळ्यापाशी थोडं थांबावं. लाइमचं संग्रहालय तिच्या घराच्या जागेवरच आहे.

दोन नियम. कड्यात खणायचं नाही, खाली पडलेलं उचलायचं. आणि काही वेगळं, मोठं, हाडासारखं दिसलं तर चारमथच्या सेंटरमध्ये दाखवून नोंद करायची. सोनेरी अमोनाइट पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचे असतात, दमटपणाने त्यांचा काही वर्षांत भुगा होतो. घरी नेल्यावर नीट वाळवून, बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डबीत ठेवा. पाण्याने धुऊन ओल्या रुमालात बांधलेला असेल तर आजच सोडवा.

सागरगोटा

काळाकातळ, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना फोनवर वाचून दाखवला. व्हिटबीच्या गोष्टीला त्या गहिवरल्या. अमोनाइट रुमालातून काढून उन्हात ठेवला आहे.

रानजाई

मी नाशिकहून लेकीकडे मिल्टन कीन्सला येते आहे. सोबत माझी आई, वय ७८, गुडघे दुखतात. नात दीड वर्षाची. जावई म्हणताहेत की ग्लॅम्पिंगला जाऊ. सागरगोटाताई, स्वच्छतागृहांचं नीट लिहाल का? आणि आईला किनाऱ्यापर्यंत नेता येईल का?

सागरगोटा

रानजाईताई, हे बुकिंगच्या आधीच विचारायला हवं. ग्लॅम्पिंगच्या पुष्कळ जागांवर कोरडी, कंपोस्टची शौचालयं असतात. वापरल्यावर मूठभर लाकडाचा भुसा टाकायचा. स्वच्छ ठेवलेली असतील तर वास येत नाही. पण त्यात पाणी टाकायचं नसतं आणि आपल्याकडच्या ज्येष्ठांची तिथेच पंचाईत होते. म्हणून मालकाला थेट विचारा: फ्लश आहे की कंपोस्ट, तंबूपासून किती पावलांवर, रात्री वाटेवर दिवा आहे का, वाट गवताची की खडीची. आईंसाठी आतच फ्लशचं स्वच्छतागृह असलेली हट किंवा पॉडच घ्या, दुसरा विचार करू नका. हटच्या पायऱ्या उभ्या असू शकतात, धरायला कठडा आहे का तेही विचारा.

किनाऱ्याचं म्हणाल तर चारमथला पार्किंगपासून समुद्र अगदी जवळ आहे, बाकांवर बसून लाटा बघता येतात. गोट्यांवर चालणं मात्र दुखऱ्या गुडघ्यांना नको. लाइमला समुद्राकाठचा रस्ता सपाट आहे, पण गाव उतारावर, त्यामुळे गाडी खालच्या बाजूला लावा. डर्डल डोअर, ती समुद्रातली चुनखडीची कमान, फोटोंत सगळ्यांना मोहवते. तिथे पार्किंगपासून बराच उतार आणि खाली पायऱ्या आहेत, येताना तेवढाच चढ. आईंना तिथे नेऊ नका. जवळच्या लुलवर्थ कोव्हला चांगल्या रस्त्याने पाण्यापर्यंत जाता येतं.

दर्यावर्दी

मी मूळचा मालवणचा, आता डॉर्सेटमधल्या पूल (Poole) या गावी राहतो. समुद्राजवळ वाढलेल्या आपल्या माणसांसाठी हे मुद्दाम लिहितो, कारण पोहता येतं म्हणून आपण निर्धास्त असतो.

इथला समुद्र मे महिन्यात १२-१३ अंशांचा असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात १७-१८. आपल्या अरबी समुद्राचं पाणी त्या मानाने कोमट. थंड पाण्यात एकदम उडी घेतली की श्वास अडकतो, धाप लागते, आणि त्या क्षणी तोंडात पाणी गेलं तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. हळूहळू उतरा. आणि कधी तसं झालंच तर हातपाय मारू नका. डोकं मागे टाकून, कान पाण्यात ठेवून उताणे तरंगत राहा, श्वास ताळ्यावर आला की मग हाक मारा किंवा पोहा. मुलांना हे जाण्याआधी घरी शिकवा.

लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे जीवरक्षकांचं लक्ष असतं, तिथेच उतरा. ते सगळ्या किनाऱ्यांवर आणि बारमाही नसतात. फुगवायच्या बोटी आणि गाद्या समुद्रावर आणूच नका, जमिनीवरून वाहणारा वारा मुलांना बघता बघता आत नेतो. संकट दिसलं तर ९९९ ला फोन करून कोस्टगार्ड मागायचा. लाइफबोटीवर येणारे बहुतेक लोक स्वयंसेवक असतात. आरएनएलआय ही धर्मादाय संस्था १८२४ पासून हे काम करते आहे. किनाऱ्यावर त्यांची पेटी दिसली तर काहीतरी जरूर टाका.

चेसिल बीचवर पाण्यात उतरू नका. २९ किलोमीटरचा तो गोट्यांचा बांध बघण्यासारखा आहे. पश्चिमेला वेस्ट बेकडे गोटे वाटाण्याएवढे आणि पोर्टलंडकडे बटाट्याएवढे. जुने कोळी अंधारात गोट्याच्या आकारावरून कुठे लागलो ते ओळखत, असं सांगतात. पण तिथे किनारा एकदम खोल होतो आणि मागे जाणारी लाट पाय ओढते. तिथले गोटे घरी न्यायलाही मनाई आहे.

चारमथ ते लाइम किनाऱ्याने चालत जायचा मोह होतो. भरती आली की कडा आणि पाणी यांच्यामध्ये वाट उरत नाही. काळ्या चिखलाच्या दरडींवर पाऊल टाकू नका, माणूस कमरेपर्यंत रुततो. आणि कड्याच्या सावलीला चादर पसरून डबा खाऊ नका. तो कडा पावसानंतर कोसळतो, म्हणून तर तुम्हाला जीवाश्म सापडतात.

खारेदाणे

दीड वर्षाच्या नातीसाठी मी चारमथ सुचवणार नाही. त्या वयात सगळे गोटे तोंडात जातात. पूर्वेला स्टडलँडला जा. बारीक वाळू, उथळ पाणी, वारसा आणि निसर्ग जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेची जागा असल्याने सभासदांना पार्किंग मोफत. एका भागात विवस्त्र वावरणाऱ्यांसाठी राखीव किनारा आहे, तिथे फलक असतात, ते बघून अलीकडेच थांबा. आजीसोबत असाल तर आधी माहीत असलेलं बरं.

जवळच कॉर्फ कॅसल. किल्ल्यांची आवड असलेल्यांनी चुकवू नये. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाच्या बाजूने लेडी बँक्सने तो लढवला, शेवटी आतल्याच एका अधिकाऱ्याच्या फितुरीने पडला, आणि १६४६ मध्ये पार्लमेंटच्या लोकांनी सुरुंग लावून तो फोडला. त्याच सुमारास आपल्याकडे तोरणा स्वराज्यात आला होता. सुरुंगाने कललेले बुरूज अजून तसेच तिरपे उभे आहेत. पायथ्याशी स्वानेजची वाफेची गाडी थांबते, नात खूश होईल आणि आईंना बसून सगळं दिसेल.

सागरगोटा

लहान बाळासाठी स्टडलँड, हे मान्य. पण पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलांना वाळूपेक्षा चारमथच जास्त देतं, या मतावर मी ठाम आहे.

भटकभवानी

गाडी नसलेल्यांसाठी: लंडन वॉटर्लूहून वेअरहॅम, डॉर्चेस्टर, वेमथला थेट गाड्या आहेत. चारमथसाठी वॉटर्लू-एक्सिटर मार्गावर अ‍ॅक्समिन्स्टरला उतरा आणि एक्स ५३ बस घ्या. ती लाइम, चारमथ, ब्रिडपोर्ट करत वेमथपर्यंत किनाऱ्याने जाते, वरच्या मजल्यावर बसलं की समुद्र सोबत असतो. सामान मर्यादित ठेवावं लागतं, आणि ग्लॅम्पिंगला गाद्या-भांडी न्यावी लागत नाहीत म्हणून हे जमतं.

एक जागा कुणी लिहिली नाही ती मी लिहिते. टाइनम. लुलवर्थजवळच्या लष्करी सरावाच्या प्रदेशातलं गाव. डिसेंबर १९४३ मध्ये युद्धसरावासाठी सगळं गाव रिकामं करून घेतलं. युद्ध संपल्यावर परत येऊ अशा विश्वासाने लोक गेले, देवळाच्या, म्हणजे चर्चच्या दारावर घरं जपा अशी विनंती लावून गेले. त्यांना परत येऊ दिलं नाही. घरांच्या भिंती उभ्या आहेत, शाळेत मुलांची बाकं मांडून ठेवली आहेत. सराव नसेल तेव्हाच, बहुतेक शनिवार-रविवारी, रस्ता उघडतो, निघण्यापूर्वी तपासा. माझ्या आईचं माहेर उजनीच्या पाण्याखाली गेलं. ती टाइनमच्या शाळेत बराच वेळ बसून होती. मुलांनी तिला गावाबद्दल इतके प्रश्न पहिल्यांदाच विचारले.

नवाभटक्या

विद्यार्थी आहे, बजेट कमी. स्वतःचा तंबू घेऊन किनाऱ्यावरच लावला तर चालतं का?

गोधडी

नाही. इंग्लंडात जमीनमालकाच्या परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही. अपवाद डेव्हनमधल्या डार्टमूरच्या काही भागांचा. तिथला हक्क सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये मान्य केला. किनाऱ्यावर तर कड्याखाली झोपणं जिवावरचं. साध्या कॅम्पसाइटवर एकट्याच्या छोट्या तंबूची जागा ग्लॅम्पिंगच्या मानाने फार स्वस्तात मिळते. आधी ती बघ.

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार. ठरवलं: आई आणि बाळ आहे म्हणून मुक्काम स्टडलँडच्या बाजूला, फ्लश असलेल्या पॉडमध्ये, आणि एक दिवस चारमथ, कारण शाळिग्रामाचं वाचून आईने हट्ट धरला आहे. नात शाळेत नाही, म्हणून सप्टेंबरात गेलो तर चालेल ना? आणि चारमथचा दिवस कसा निवडू?

दर्यावर्दी

सप्टेंबर उत्तम. शाळा सुरू झालेल्या असतात, भाडी उतरतात आणि पाणी वर्षातलं सर्वांत उबदार असतं.

दिवस निवडायला सोपी खूण सांगतो. या बाजूला पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मोठी ओहोटी भर दुपारच्या सुमारास येते. सागरगोटांना सकाळी लवकर ओहोटी मिळाली म्हणजे तेव्हा भांग, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी, असणार, त्यात पाणी फार मागे जात नाही. तुम्ही कालनिर्णयमध्ये पौर्णिमा किंवा अमावास्या बघा आणि तिच्या नंतरचा एक-दोन दिवसांतला वार धरा. म्हणजे सकाळी आरामात निघून, वाटेत जेवून, दुपारी पाणी मागे असताना पोचाल. नक्की वेळ मात्र ब्रिटिश हायड्रोग्राफिक ऑफिसच्या इझीटाइड या संकेतस्थळावर लाइम रीजिस टाकून बघा, पुढच्या सात दिवसांचे आकडे मोफत मिळतात. ओहोटीच्या वेळेआधी दोन तास किनाऱ्यावर हजर राहा, पाणी वळलं की मुलांना वर आणा. आईंना सेंटरजवळच्या बाकावर बसवा आणि लेकीला सांगा, गोटे ओंजळीत भरून त्यांच्यापाशी आणून द्यायचे. बसल्या जागी निवडता येतात.